कॉम्प्युटरला झोपू देऊ नका

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात शहराच्या कडेला असलेल्या आमच्या पडेगावच्या घरातून दोन गोष्टी न सांगता जायच्या: नळाचं पाणी आणि इंटरनेट. पाणी का जातं ते सगळ्या शहराला ठाऊक होतं. इंटरनेट का जातं ते फक्त मला ठाऊक होतं (असं मला वाटायचं).

कॉम्प्युटर थोडा वेळ मोकळा राहिला की पडदा काळा करून झोपी जायचा. माउस हलवला की उठायचा, पण नेट गायब! मी वायरी उपसल्या, लुकलुकत्या दिव्यांची ती नेटची पेटी पुसली, उंदरांवर आळ घेतला. शेवटी संशय आला आप्पांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर. आप्पांचं अर्धं आयुष्य कन्नड तालुक्यातल्या माळांवर मेंढरांमागं गेलेलं. वापर नसलेली वस्तू चालू दिसली की त्यांना राहवत नाही. तोटी बंद, पंखा बंद, एकदा तर मी बघत असलेला टीव्हीसुद्धा बंद (माझे डोळे मिटले होते म्हणे). पडदा काळा झाला की पेटीचं बटणही तेच दाबत असणार!

विचारलं तर लई दुखावले. "म्या हात बी लावला नाय," एवढं बोलून ते अंगणात जाऊन बसले, ते जेवायलाच उठले.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोची, सुनंदाची, मुलाखत होती. आमच्याकडं शेतं जाऊन सोसायट्या उठत होत्या, त्यांच्यामागोमाग एक नवी शाळाही निघाली होती. तिथं गणिताची शिक्षिका हवी होती. विचारणारे पुण्यात बसणार, म्हणून मुलाखत कॉम्प्युटरवर. डब्यांत आणि हंड्यांत अडकलेली तिची पदवी इतक्या वर्षांनी बाहेर पडणार, आणि ती माझ्या नेटच्या भरवशावर!

मी युक्ती काढली. नेट सुरू करून ठेवायचं आणि वेळ होईपर्यंत कॉम्प्युटरला झोपूच द्यायचं नाही. राखणीला आप्पा. रुसवा सोडून ते माउस धरून खुर्चीत बसले. रातरातभर मेंढरं राखली, ह्ये तर सावलीतलं काम, म्हणाले.

"मामा, हलवत राहा बरं," असं सासऱ्यांना बजावून सुनंदा साडी नेसायला गेली.

तेवढ्यात गल्लीतून हाळी आली, पाणी आलं! आठवड्यानं आलेलं पाणी. ही हाळी ऐकून आमच्याकडं माणूस विचार करत नाही, पळतो. मी मोटारीकडं, आप्पा हंड्यांकडं, सुनंदा निऱ्या खोचत बादल्यांकडं. टाकी भरली तेव्हा कुठं मला माउस आठवला.

कॉम्प्युटर गाढ झोपला होता. उठवला. नेट गेलेलं. मी वायर काढली, लावली, शेवटी हात जोडले. सुनंदानं माझ्याकडं बघितलंही नाही. मोबाइल घेऊन ती गच्चीवर गेली, कारण रेंज फक्त टाकीपाशीच मिळते. मी जिन्यात कान लावून उभा.

भागाकार मुलांना कसा शिकवाल, असं पुण्याहून विचारलं गेलं. तिनं मोबाइल टाकीकडं वळवला.

"ही टाकी आठवड्यातून एकदा भरते. घरात माणसं तीन. आमच्याकडं लेकरांना भागाकार शिकवावा लागत नाही, तो येतोच."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. नोकरी लागली! मला इतका आनंद झाला की त्या दिवशी दिवसभर मी स्वतःचंच कौतुक करत होतो.

पुढं तिनंच शांतपणे सेटिंगमध्ये शिरून चोर पकडला. वीज वाचवण्यासाठी नेटची जोडणी बंद करायची मुभा कॉम्प्युटरला कंपनीतूनच मिळालेली होती. झोपताना तोच नेटची तोटी बंद करायचा आणि उठल्यावर उघडायला विसरायचा. तिनं त्या मुभेपुढची बरोबरची खूण काढून टाकली. आप्पांनी मात्र पडद्यावरून मायेनं हात फिरवला. "वापर नसला की बंद. गुणाचं लेकरू हाय."

आता कॉम्प्युटर जरा हलवला की नेटसकट उठतो. हलवूनही न उठणारा, आणि उठला तरी तासभर कशाशीच न जोडला जाणारा, घरात एकच जण उरला आहे. सुनंदा रोज सकाळी शाळेला निघताना माझ्या पांघरुणाकडं बघून आप्पांना सांगते, "मामा, हलवत राहा बरं."