पोळ्या होईस्तोवर वाचलेली पानं

लकडगंजच्या मेसवाल्या काकूंनी मला वाचायला बसवलं, हे आधी लिहून ठेवतो. बाकीचं सगळं त्याच्यानंतरचं.

मी सातवीत शाळा सोडलेला, आणि गाव तर पार समुद्राकाठी. हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. कंपनीत माल तपासायच्या क्वालिटी खात्यात होती, बी.एस्सी. झालेली. एकदा तिनं मला एक कादंबरी दिली. एका तरुणाची, त्याच्या तीन प्रेमांची. "वाचून सांग, तिघींतली तुला कोण आवडली," म्हणाली. मी मान हलवली. माझं शिक्षण तिला माहीत नव्हतं. कळलं तर शेजारी बसायची नाही, ही धास्ती.

चार दिवसांत चार पानं झाली. मग मी शेवटचं पानच पाठ करायला घेतलं. जेवताना माझे ओठ हलताना काकूंनी पाहिले.

"काय पुटपुटून राहिला गा? मंतर म्हणतं का?"

सगळं सांगितलं. त्या हसल्या. "अन् तिनं मधलं विचारलं तं? ये इकडे. मी पोळ्या लाटतो, तू मोठ्यानं वाच."

मग रोज संध्याकाळी ओट्याशी बसून वाचायचो. जोडाक्षराशी अडलो की काकूंचं लाटणं थांबायचं. शब्द मात्र सांगायच्या नाहीत. मी सुटलो की लाटणं सुरू. कादंबरीतल्या त्या पोरावर भारी चिडायच्या. "पहिलीशी खोटं बोलला, दुसरीशीबी खोटंच! पोरी याले सोडतीन नाही तं काय पुजतीन?"

ते मला लागलं. मी तरी दुसरं काय करत होतो?

एका सकाळी बसमध्ये तिनं विचारलं, "मग? कोण आवडली?"

"तिसरी अजून आलीच नाही. सातवीच शिकलोय मी. जोडाक्षरं अडतात. शेवट तेवढा पाठ केलाय."

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. वाटलं, संपलं.

"शेवट सांगू नको हं," ती म्हणाली. "माझंच वाचायचं राहिलंय, मागच्या कव्हरवरचं तेवढं वाचलं. तुला आधी दिलं."

दुसऱ्या दिवशीही ती तिथंच बसली.

काकू, एक दिवस तिला मेसमध्ये घेऊन येईन. त्या दिवशी पोळ्या मी लाटीन, जाड झाल्या तरी खायच्या. तुम्ही खुर्चीवर बसा. तिसरीचं सगळं आम्ही दोघं वाचून दाखवू.