फुकटातली मापवही

दुपारी दोनचा सुमार. रेवा एकदाची झोपली आहे, पण वृषालीच्या डाव्या दंडावर. दंड ओढून घेतला की पोरगी टक्क जागी होणार, हे चौदा महिन्यांत वृषालीला पक्कं कळून चुकलंय. म्हणून ती तशीच पडून राहते, एक डोळा मिटून आणि दुसरा पोरीच्या श्वासावर ठेवून. पंखा फिरतोय. खालच्या मजल्यावर कोणीतरी शेंगदाण्याचं कूट करतंय. चार वाजता पोतनीस यायचे आहेत.

पोतनीस म्हणजे साताऱ्याचे शिलाई मशीनचे बडे डीलर. ते तिची ‘मापवही’ विकत घ्यायला येणार आहेत. मापवही हे वृषालीने एकटीने, रेवाच्या वेळी आठव्या महिन्यात बसून बनवलेलं ॲप. ब्लाउज-ड्रेस शिवणाऱ्या बायकांनी गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, मापं, कापड आणि द्यायची तारीख फोनमध्येच लिहून ठेवायची, एवढंच त्याचं काम. कराडातल्या आणि आसपासच्या एकसष्ट जणी ते वापरतात. एकही पैसे देत नाही, कारण वृषालीने कधी मागितलेच नाहीत. मागायची वेळ आली की तिच्या तोंडून आपोआप निघतं, राहू द्या हो, आधी वापरून तर बघा.

पुण्याची नोकरी सुटली, साठवलेल्यातून सर्व्हरचं बिल भरलं जातंय. परवा केदारने, तिच्या नवऱ्याने, फार मायेने सांगितलं की देऊन टाक, सुटशील एकदाची. मायेने सांगितलं म्हणूनच तिला ते खटकलं. सुटशील म्हणजे कशातून? पोतनिसांच्या करारात ‘सर्व नोंदींसकट’ असे दोन शब्द आहेत, तेही खटकलेत. का, ते तिला सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट तिने केदारलाही सांगितलेली नाही. जिच्यासाठी मापवही बनवली ती विजूकाकू, शिलाईचं दुकान चालवणारी, पौषात गेली. हृदयाचा झटका, मशीनवर बसल्या बसल्या. रेवाला ताप होता म्हणून वृषालीला दहाव्यालाही जाता आलं नाही. आणि तरी रोज सकाळी अकराच्या ठोक्याला विजूकाकूच्या नावाचं खातं उघडतं. पंधरा-वीस मिनिटं उघडं राहतं, मग मिटतं. पोतनिसांनीच कुठून तरी पासवर्ड काढला असणार, आतलं सगळं पाहून मग भाव पाडणार, असा तिचा संशय आहे. रोज अकराला ती लॅपटॉपपुढे बसून खातं उघडं असल्याच्या हिरव्या ठिपक्याकडे मांजरासारखी बघत राहते.

दंडाला मुंग्या येतात. त्या खांद्याकडे सरकतात. मग त्या मुंग्यांचा आवाज यायला लागतो, बारीक, सलग, खटखट खटखट. मशीनचा आवाज आहे तो.

“दंड ढिला सोड,” विजूकाकू म्हणते. “घेर चुकतोय.”

वृषाली दंड ढिला सोडते. मग तिला आठवतं, आणि ती दंड पुन्हा आवळून धरते. काकू गेलीय. समोरची बाई काकूच आहे, तोच अबोली काठाचा पांढरा ब्लाउज, गळ्यात तीच टेप, ओठांत टाचण्यांची ओळ. पण काकूसारखं दिसणं काही अवघड नाही. कुणीही दिसेल. वृषाली नजर खाली टाकते. काकूचे पाय मशीनच्या पायट्यावर आहेत आणि साडीचा घोळ त्यांच्यावर पडलाय.

“पाय बघतीस व्हय? सरळच आहेत. उलटे असते तर मशीन कसं चालवलं असतं मी?”

तोंडात टाचण्या असताना एवढं स्पष्ट कसं बोलते ही, असं वृषालीच्या मनात येतं. काकू जिवंतपणी दर सांगून झाला की मुद्दाम टाचण्या ओठांत धरायची. अस्तराच्या ब्लाउजचे इतके, म्हणायची आणि तोंड बंद. समोरची बाई कमी करा, कमी करा म्हणत दोनदा घासाघीस करायची, तिसऱ्यांदा स्वतःच गप्प व्हायची. टाचण्यांशी कोण वाद घालणार?

वृषाली सावधपणे विचारते की माझ्या लग्नाच्या शालूवरचा ब्लाउज कुठल्या रंगाचा होता, सांगा बरं. काकू हसते. म्हणते, परीक्षा घेतीस होय माझी, घे की. शालू जांभळा, ब्लाउज मोरपंखी, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच उतरता, तो तू कुणाला सांगू नको म्हणाली होतीस. बरोबर आहे. पण बरोबर असल्यानेच वृषालीला आणखी शंका येते. काकूच्या जुन्या वहीतून हे सगळं मापवहीत उतरवलेलं आहे. खातं उघडणाऱ्या कुणालाही ते वाचता येईल.

“रेवा कुठाय?” ती एकदम विचारते.

रेवा मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोपली आहे. वृषाली वाकून तिच्या नाकापुढे बोट धरते. श्वास चालू आहे. ताठ उभी राहते तर समोर काच, काचेपलीकडे पुण्याच्या ऑफिसातली निळ्या खुर्च्यांची रांग, आणि मीटिंगच्या लांब टेबलावर काकूचं मशीन ठेवलंय. काकू तिथे बसून कुणाचीतरी बाही जोडतेय. एसीचा गारवा आहे आणि त्यात खोबरेल तेलाचा वास. वृषालीला याचं नवल वाटत नाही, उलट घाई वाटते, कारण टेबलावरच्या घड्याळात चारला पाच कमी आहेत आणि बराच वेळ ते चारला पाच कमीच आहेत.

ती काकूच्या शेजारी बसते आणि पोटातला प्रश्न विचारते. तुमचं खातं रोज कोण उघडतं?

“कीर्ती,” काकू बाहीवरून नजर न काढता म्हणते.

कीर्ती म्हणजे काकूची सून. पंधरा दिवस दुकान बंद ठेवून तिने पुन्हा उघडलं, हे वृषालीने ऐकलं होतं. पण सासूच्या हाताखाली हुक लावणारी ती मुकाट पोरगी फोन चालवत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मग मला सांगायला काय झालं होतं तिला?”

“तुला तरी कुठं विचारायला सुचलं? तू चोर शोधत बसलीस, ती तुला भीत बसली.” काकू मशीन थांबवते. “ये, दाखवते.”

काकू मागचा पडदा बाजूला करते, ट्रायलरूमचा तो फुलाफुलांचा पडदा, ज्यामागे एक बाई जेमतेम उभी राहायची. आत आता लांबच लांब खोली आहे. दोन्ही बाजूंना मशीनं, आणि प्रत्येक मशीनवर एक बाई. वृषाली मोजत नाही, तरी तिला कळतं की एकसष्ट आहेत. ओगलेवाडीच्या, मलकापूरच्या, विंगच्या. कुणी शिवत नाहीये. सगळ्यांच्या हातात फोन आहेत आणि फोनमध्ये मापवही उघडी आहे. तिला बरं वाटतं, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतकं. ती पहिलीजवळ जाते. ती बाई छान हसते, बसा की ताई म्हणते, आणि फोनवर तळहात ठेवते.

दुसरीही हसते आणि फोन झाकते. तिसरी फोन पदराखाली घेते. वृषाली पुढे पुढे जाते, आणि तिच्या पुढे पुढे तळहात पडत जातात, टप टप टप, दुकानाच्या फळ्या लावाव्यात तसे. एकसष्ट हसरे चेहरे आणि एकसष्ट झाकलेले फोन.

“काय लपवताय?” ती विचारते. मग काकूच टोकाच्या बाईचा तळहात उचलते, झाकण उचलावं तसा.

स्क्रीनवर गिऱ्हाइकांची यादी आहे. नावं अशी: जाडी वहिनी. बँकवाली. पिवळा काठ. आणि प्रत्येकीच्या पुढे एकच नंबर, नव्वद नव्वद नव्वद, शून्यांची माळ. वृषालीने हे आकडे आधी पाहिलेत, लॅपटॉपवर, शंभरदा. बायकांना टाइप करायचा कंटाळा, असं तेव्हा ती स्वतःशी म्हणाली होती. नंबरचा रकाना मोठाही करून दिला होता.

“एक तरी खरा नंबर आहे का बघ सगळ्यांत. माझ्यात पण नाही. मी आपला दुकानाच्या जुन्या फोनचा टाकला होता सगळ्यांच्या पुढं.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून तुमचाही माझ्यावर विश्वास नव्हता, असं वृषाली म्हणते. काकूला त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही दिसत नाही. माया होतीच, ती म्हणते, डोहाळजेवणाला तुझी चोळी मीच शिवली की. पण माझी गिऱ्हाइकं तीस वर्षांची आहेत, ती तुझ्या पेटीत कशी ठेवू?

“फुकट कोण देतं गं? एवढी शिकलेली पोरगी, पुण्याची नोकरी सोडून येती, दारोदार फिरून फोनमध्ये घालून देती, आणि पैसे विचारले तर राहू द्या म्हणती. आमच्यात सगळ्या म्हणायच्या, हिचा काहीतरी डाव आहे. गिऱ्हाइकं गोळा करणार आणि कुणालातरी विकणार.”

“माझ्या मनातसुद्धा कधी असलं काही...”

“चार वाजता कोण येतंय?”

वृषालीला करारातले ते दोन शब्द आठवतात. सर्व नोंदींसकट. ती मागे बघते तर काच नाही, ऑफिस नाही, खोलीच्या दारात पोतनिसांच्या बुटांचा जोड ठेवलाय, नीट, आतल्या बाजूला टोकं करून, म्हणजे माणूस आतच आहे. एकसष्ट बायका त्या बुटांकडे बघतात आणि मग तिच्याकडे. त्या अजून हसतायत. तिला वाटतं रेवाला उचलावं आणि पळावं, पण चिंध्यांचा ढीग कुठल्या मशीनखाली होता ते आठवत नाही.

आणि ही तरी खरंच काकू आहे का? पोतनिसांना नकार द्यावा म्हणून कुणीतरी पाठवलेली नसेल कशावरून? तसं ती विचारतेच, थेट, तुम्हाला कुणी पाठवलं म्हणून. काकू खो खो हसते, टाचण्या जागच्या हलत नाहीत.

“मेल्यावर कुणाची नोकरी करू मी? सरळ उभी राहा. बाही उसवलीय तुझी.”

उसवलीय खरी. रेवा ओढत असते तिथे, डाव्या काखेजवळ. त्या आता पुन्हा दुकानात आहेत, दोघीच, आणि दुकानाच्या पायरीवर ऊन पडलंय. काकू सुई ओवते. अंगातला ड्रेस काढायला वेळ नाही, ती म्हणते, अंगावरच घालते चार टाके. आणि मग सहज विचारावं तसं विचारते, की बाहेरच्या कुणाला विकायचं नसेल तर ठेवून काय करणार आहेस? महिन्याचे किती घेशील?

वृषालीने हा आकडा कितीतरी वेळा कागदावर लिहून खोडलाय.

“दीडशे,” ती म्हणते. “पण पहिले सहा महिने...”

काकू दोऱ्याचा बोटभर तुकडा तोडते आणि तिच्या दातांत देते.

“धर. अंगावरचं शिवताना दातात दोरा धरायचा असतो, आई सांगायची माझी. आणि धरला की बोलायचं नाही. मी गाठ मारेपर्यंत नाही.”

वृषाली दोरा धरते. जिभेवर ‘पण’ तसाच अडकून राहतो. सुई काखेपाशी जाते येते, थंड, एकदाही न टोचता. पायरीवर कीर्ती येऊन उभी आहे, दुसरी एक बाई तिच्यामागे, आणि मागे आणखी. त्या तिच्या तोंडाकडे बघतायत, दीडशेनंतर काय येतं ते ऐकायला. काही येत नाही. पहिल्यांदाच काही येत नाही. एक तळहात फोनवरून उचलला जातो. काकू तोंड जवळ आणते, दोरा दाताने तोडायला...

रेवा कानात ओरडते. वृषाली डोळे उघडते. पंखा फिरतोय, दंड बधिर, घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. पोरगी तिच्या छातीवर चढून तिच्या ओठांकडे बोट दाखवतेय आणि काहीतरी ओढू बघतेय.

दातांत दोरा आहे.

बोटभर. राणी रंगाचा, ओलसर, दोन्ही टोकांना नीट कापलेला. वृषाली तो तळहातावर घेऊन खिडकीशी जाते. ड्रेस पिस्ता, दोरा त्यातला नाही. चादरीत राणी रंग नाही, दुपट्यात नाही, रेवाच्या झबल्यात नाही. सुईदोऱ्याचा डबा काढून बघते, त्यात पांढरी आणि काळी अशी दोनच रिळं आहेत. केदारची थट्टा म्हणावी तर तो सकाळपासून मलकापुरात आहे. बाही पाहते. उसवलेली आहे ती उसवलेलीच, एक टाकाही नाही.

ती रेवाला कडेवर घेते. पोतनिसांना लिहिते, येऊ नका, मापवही द्यायची नाही. का, ते लिहीत नाही. मग कीर्तीला फोन लावते. पलीकडून मशीनचा आवाज येतो.

एक तारखेपासून मापवहीला महिन्याला दीडशे रुपये पडतील, वृषाली सांगते. काकूचं खातं तुझ्या नावावर करून देते. तुमच्या गिऱ्हाइकांची नावं-नंबर मी कुणाला दाखवणार नाही, विकणार नाही, तसं सहीनिशी लिहून देते. आणि पुढचं वाक्य ओठांवर आलेलं असतानाच ती दोरा पुन्हा दातांत धरते.

मशीन थांबतं. रेवा आईच्या तोंडाकडे टक लावून बघते. फोन कट केला असेल, वृषालीला वाटतं. दुकानात दुसरं कुणी बसलं असेल, खाणाखुणा चालल्या असतील. ती दोरा आणखी घट्ट चावते.

“ताई,” कीर्ती शेवटी म्हणते, अगदी हळू. “मग आता खरे नंबर घालू का?”

वृषाली मान हलवते. फोनवर मान दिसत नाही हे कळायला तिला एक क्षण लागतो. मग ती तोंडातून राणी रंगाचा तो दोरा काढते आणि म्हणते, “घाल.”