आबांच्या गादीची खोळ

"तिच्यासाठी फक्त खोळ दाखवा. गादी आहे आमच्याकडे."

काकू दुकानदाराले असं म्हणल्या, तेव्हा मी एका नव्या गादीच्या काठावर टेकून होती. बर्डीच्या बाजारातलं मोठं दुकान. गाद्या लायनीनं मांडून ठेवलेल्या, गिऱ्हाईकानं बसून पाहावं म्हणून. शेजारच्या गादीवर काकूची पोरगी मैथिली आडवी पडून मोबाईल पाहून राहिली होती. दुकानदारानं काकूकडे पाहिलं, मग माह्याकडे, मग माह्यामागं पिशव्या धरून उभ्या असलेल्या माह्या मायकडे. त्याचा हिशोब झाला. माह्या मांडीखालचं प्लास्टिक त्यानं सर्रकन ओढलं.

"उठो बेटा. ये बेचने का माल है."

मी उठली. मैथिली पडूनच होती. तिच्या पायात चपला होत्या.

मी जशी बोलते तशीच लिहून राहिली आहे. कोणाले खटकलं तर खटको. शुद्ध बोलणाऱ्यायचं शुद्ध मी लय ऐकलं आहे, आणि त्याच्यातूनच ही घाण बाहेर आलेली आहे.

आम्ही शहराच्या टोकाले, हुडकेश्वरले राहतो, दोन खोल्यांत. बाप कळमन्याच्या धान्याच्या यार्डात पोते उचलते. माय प्रताप नगरात काकूकडे कामाले होती. मी चौथीत होती तेव्हापासून. पहिले भांडे आणि फरशी, मग कपडे. मग काकूच्या सासऱ्याले, आबाले, लकवा मारला आणि ते अंथरुणाले खिळले. तेव्हापासून त्यायचं सगळं माह्या मायकडे आलं. सगळं म्हणजे सगळं. हगणं, मुतणं, कूस बदलणं, तोंडात घास देणं. दोन वर्षं. काकू दारात उभ्या राहून ओढणी नाकाले लावत आणि सांगत, "सुनंदा, तिकडून नीट पूस गं." माय त्यायच्याहून वयानं मोठी. तरी सुनंदा.

आबा गेले त्या दिवशी माय तिथंच होती. तिनंच सगळ्यायले हाक मारली. पण अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा तिले सांगितलं, "तू आता बाहेर थांब, हे घरच्यांनी करायचं असतं." दोन वर्षं ज्या हातानं आबाले धुतलं ते हात अंगणात बसले. माय घरी येऊन हे सांगत होती आणि तिले त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मलेही तेव्हा वाटलं नाही, हे कबूल करते.

तेराव्याले त्यायनं शय्यादान केलं. मले हे काही माहीत नव्हतं, मायनंच सांगितलं. मेलेल्या माणसाले वर झोपायले अंथरूण लागते म्हणे. तर ते इथं गुरुजीले द्यायचं. कोरी करकरीत गादी, उशी, चादर, छत्री, चपला, पाण्याचा तांब्या. गुरुजीनं ऑटो बोलावला आणि सगळं त्यात भरून नेलं. माय सांगे, गादी एवढी मोठी का गुरुजीले बसायले जागाच राहिली नाही, बिचारा ड्रायव्हरजवळ लटकून गेला. आम्ही लय हासलो होतो.

मग माहं नाव बी.एस्सी. नर्सिंगले लागलं. सरकारी कॉलेज. आमच्या घरात पहिल्यांदा कोणी कॉलेजच्या होस्टेलवर जाणार. होस्टेलचा कागद आला, त्यावर यादी. गादी सहा बाय तीन, पांढऱ्या चादरी दोन, उशी, मच्छरदाणी, बादली, मग, ताट, वाटी. मायनं तो कागद काकूले दाखवला. मैथिलीही पुण्याले इंजिनियरिंगले चालली होती. काकू म्हणल्या, "मैथिलीची खरेदी करायचीच आहे. तुम्ही दोघी पण चला. हिचं सगळं मी करते. माझीच मुलगी समज."

मी खुश झाली. खोटं काहून बोलू? रातभर मनात चादरी पाहिल्या. दुकानात जायले लग्नात घालायचा ड्रेस घातला. जन्मात मी एकटीच्या गादीवर झोपली नव्हती. खाली सतरंजी, वर गोधडी, इकडून बहीण, तिकडून माय. माही स्वतःची गादी म्हणजे मले केवढी मोठी गोष्ट वाटली होती, आता सांगायचीही शरम वाटते.

दुकानात पहिले मैथिलीचं घेतलं. फोमची गादी, रजई, फुलाफुलाच्या तीन चादरी, दोन उशा, एक ती लोडासारखी कुशीत धरायची. रंग जमेना म्हणून अर्धा ढीग खाली काढला. माय प्रत्येक चादर हातावर घेऊन चुरगाळून पाहे आणि काकूले सांगे, "हे पक्कं आहे, ताई, धुतल्यावर नाही जाणार." काकू तिचं ऐकत. मी वाट पाहून राहिली होती. आणि मग ते वाक्य आलं. तिच्यासाठी फक्त खोळ.

मी मायजवळ गेली. "कोणती गादी वं?"

"आहे एक. कापसाची. चांगली आहे."

"कोणाची?"

माय खाली पाहून पिशवीचे बंद नीट करत बसली.

"आबाची?"

"हळू बोल वं. चार दिवस उन्हात टाकली होती मी. मधातलं धुवून काढलं. वरून खोळ घातली का समजतही नाही."

माह्या पोटात ढवळून आलं. खरंच. ते एसीचं दुकान, नव्या कापडाचा वास, आणि माह्या नाकात ती खोली घुसली. मी ती गादी ओळखत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मायच्या हाताखाली मी जात होती. गादीचं एक टोक तिनं धरायचं, एक मी, आणि पलटायची. रबराची शीट टाकूनही मधात पिवळा डाग पडलेला, त्याच्याभोवती दुसरा डाग, त्याच्याभोवती तिसरा. डेटॉल आणि मुताचा वास. आबा तिच्यावरच गेले. त्यायचा मुंबईचा मुलगा येईपर्यंत चार तास तिच्यावरच होते. आणि त्याच डागावर मी आता चार वर्षं पाठ टेकायची. पुस्तक घेऊन, उताणी, होस्टेलच्या खोलीत, बाकीच्या पोरींसमोर.

काकूनं आमचं बोलणं ऐकलं असावं. जवळ आल्या. आवाज गोड.

"अगं, कापसाची गादी म्हणजे सोनं. आता मिळते का अशी? फोमनं पाठी बिघडतात."

पाच मिनिटांपूर्वी पोटच्या पोरीले त्यायनं फोमच घेऊन दिली होती.

"आणि नाहीतरी अशी गादी घरात ठेवत नाहीत गं. कुणाला तरी द्यावीच लागते."

कुणाला तरी. मी ते दोन शब्द ऐकले आणि मले माही आजी आठवली. आमचं मूळ गाव उमरेडकडचं. गावात कोणी मेलं का मढ्यावरचं कापड आमच्या घराचं, असा आमचा हक्क होता. हक्क! आजी सांगे, माहं लग्नातलं लुगडं एका पाटलीणबाईच्या मढ्यावरचं होतं, त्याले कापराचा वास येत होता. माह्या आज्यानं ज्या वर्षी धम्म घेतला, त्या वर्षी तो चावडीवर जाऊन सांगून आला का आजपासून मढ्याचं कापड आम्ही घेणार नाही. त्या वर्षी गावानं त्यायले सुगीत एक दाणा दिला नाही. त्यायनं अंबाडीचा पाला खाल्ला, पण कापड घेतलं नाही. मी हे शंभरदा ऐकलं होतं. ऐकायची आणि उठून टीव्ही लावायची. मले वाटे, झालं ते. संपलं. ते गावातलं, जुन्या लोकायचं.

आणि इथं बर्डीवर, एसीच्या दुकानात, मले मढ्याखालचं भेटून राहिलं होतं. सोबत बादली आणि लाल मग, येतानी वाटेत काकूनं घेतलेले.

काकूनं एक निळी खोळ निवडली. माह्या हातात दिली. म्हणल्या, "मैथिली, एक फोटो काढ गं. महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकते. बाकीच्यांनाही वाटेल काहीतरी करावंसं." मैथिली आता उठली. मोबाईल माह्या तोंडासमोर धरला. काकूनं माह्या खांद्यावर हात ठेवला.

"हास ना गं जरा."

मी हासली नाही. मी खोळ काउंटरवर ठेवली.

"मी नाही घेत."

"काय नाही घेत?"

"खोळही नाही, गादीही नाही. मेलेल्या माणसाचं अंथरूण आम्ही घेत नाही, काकू."

मायनं माह्या दंडाले असा चिमटा काढला का आठ दिवस काळंनिळं होतं. मी हालली नाही.

काकूचा हात माह्या खांद्यावरून गेला. आवाजातला गोडवाही गेला. "वा! आबांचं सगळं तुझ्या आईनंच केलं ना? दोन वर्षं? तेव्हा नाही आली किळस?"

"तेव्हा आबा जिवंत होते."

"काय उद्धट आहे ही, सुनंदा!"

"गुरुजीले नवी दिली ना तुम्ही? ही काहून नाही दिली त्यायले? कापसाची आहे. सोनं आहे."

काकूचं तोंड लाल झालं. आणि मग जे बाहेर आलं ते असं, शब्दाले शब्द: "जात काढायची सवयच असते तुम्हा लोकांना. कितीही करा."

मी जातीचं नावही काढलं नव्हतं. एका गादीचं विचारलं होतं. त्यायलेच उत्तर सापडलं.

"मम्मी, सोड ना. सगळे बघतायत," मैथिली म्हणली. दुकानदार दुसरीकडे पाहून चादरीच्या घड्या घालत होता.

"माफी माग," माय म्हणली. "माग वं. पाया पडते तुझ्या."

मी मागितली नाही. दुकानाच्या बाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. थोड्या वेळानं माय आली. तिनं बादलीही आणली नव्हती.

घरी आल्यावर माय पदर तोंडाले लावून रडली. मी भडकली होती, मी तिच्यावरच ओरडली. "तुले माहीत होतं! तुले किळस नाही आली वं, स्वतःच्या पोरीले ते देतानी?"

तिनं डोळे पुसले. म्हणली, "मले वाटलं, तुले होस्टेलच्या पलंगाचं लोखंड टोचू नये. खाली पडावं लागू नये. किळस करायले ऐपत लागते, बाई. आपल्याले कुठं परवडते?"

तिचं हे बोलणं त्या खोळीपेक्षा मले जास्त लागलं. कारण ती खरं बोलून राहिली होती. दोन वर्षं तिनं नाक बंद केलं होतं. एवढं बंद केलं का पोरीच्या पाठीखाली काय चाललं आहे याचाही वास तिले येईना. माणसाची किळसच काढून घ्यायची, म्हणजे मग त्याले काहीही देता येते. हे त्यायनं माह्या मायसोबत केलं. त्याची मले सगळ्यात जास्त घाण वाटते, आजही.

बाप कळमन्याहून आला, त्यानं सगळं ऐकलं. "गादी गादीच असते," एवढंच म्हणला आणि पाठ फिरवून झोपला. आज्याचं रक्त कुठं गेलं होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी काकूचा फोन आला. येऊ नको म्हणल्या. मायले दुसरं काम भेटायले दीड महिना लागला आणि ते लांब भेटलं. माह्यामुळं लागला. मी अजूनही माफी मागितलेली नाही, ना मायची, ना काकूची.

होस्टेलवर गेली तेव्हा माह्याजवळ आजीची गोधडी आणि दोन चादरी होत्या. पलंग लोखंडी, वर प्लायवूड. पहिल्या महिन्यात पाठ अशी दुखे का सकाळी वळता येत नव्हतं. बाजूच्या पलंगावरच्या पोरीनं विचारलं, "तुझी गादी यायचीय का?" मी म्हटलं, "येणार नाही. येत होती, मी परत केली." आणि तिले सगळं सांगितलं, डागासकट. तिनं तोंडावर हात ठेवला. मले बरं वाटलं. किळस आली पाहिजे लोकायले.

आता मी तिसऱ्या वर्षाले आहे. वॉर्डात ड्युटी लागते. माणसं जातात. मग मीच त्यायचे डोळे मिटते, जबडा बांधते, अंग पुसते, नळ्या काढते, खालची चादर बदलते. मले काही होत नाही. मायचा हात आहे मले. त्या दिवशी माह्या पोटात जे ढवळलं ते आबासाठी नव्हतं, हे मले इथं पक्कं समजलं. आबा बिचारे मायचा हात धरून रडत. त्यायचा काय दोष? ढवळलं ते त्या गोड आवाजानं, खांद्यावरच्या हातानं, आणि "कुणाला तरी" म्हणताना ज्याले आम्हीच दिसलो त्या डोळ्यानं.

तर ऐका. तुमचं मढं मी धुईन. नाक न दाबता, माणसासारखं धुईन, ते माहं काम आहे आणि त्याचा मी पगार घेईन. पण मढ्याखालचं अंथरूण माह्या, नाहीतर माह्या मायच्या दारात पुन्हा कोणी आणलं, तर मी ते तसंच उचलून त्याच्या बैठकीच्या मधोमध नेऊन टाकीन. पाहुणे बसले असतील तरी टाकीन. मले उचलता येते.