गुलामगिरी तपासायला आलेले पाहुणे

"तोंड उघड," मॅनेजर म्हणाला.

मी उघडलं. त्याच्या हातात कुंडीत खोचायची प्लास्टिकची पट्टी होती, रोपाचं नाव लिहिलेली. त्या पट्टीनं त्यानं माझा ओठ वर केला, खाली केला, गालाच्या आत पाहिलं. बाजारात बैलाचे दात पाहतात तसं. बाकीच्या बाया ओळीत उभ्या होत्या.

"खर्रा खात नाई वाटते. ही चालते. पुढे."

माझ्यामागे सुकवारा मावशी. बपेरा गावची. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं दात तांबडे-काळे झालेले. त्यानं तीच पट्टी तिच्या तोंडात घातली आणि तिच्याच पदराला पुसली.

"हे काय तोंड आहे का गटार? मागे."

पुढे म्हणजे स्वागताच्या मांडवात. मागे म्हणजे खताच्या गोदामात, बाहेरून कुलूप. पाहुणे जाईपर्यंत.

पाहुणे येणार होते आम्ही गुलाम आहोत की नाही ते तपासायला.

थट्टा करत नाही. साकोलीच्या पुढे हायवेला लागून ही बागकाम कंपनीची नर्सरी. इथलं लॉन, पाम, फुलझाडं शहरांतल्या बंगल्यांना आणि हॉटेलांना जातात. माल घेणाऱ्या बड्या कंपनीनं धोरण काढलं होतं, आपल्या पुरवठा साखळीत आधुनिक गुलामगिरी नको. त्याचा बॅनर आम्हीच बांधला. त्यावर तुटलेली बेडी आणि बेडीतून उगवलेलं रोप. बांधताना एक बाई शिडीवरून पडली. मॅनेजरनं पहिल्यांदा बॅनर फाटला का ते पाहिलं.

मी बी.ए. आहे, इतिहास घेऊन. गुलामगिरी कशी संपली यावर मी पुरवणी जोडून उत्तर लिहिलं होतं. नंतर माझ्या गावाहून, करडीहून, इथे कलमं बांधायला आले. आल्या दिवशीच आधार कार्ड घेतलं, हरवेल म्हणून. मोबाइल घेतला, कामात लक्ष राहत नाही म्हणून. राहायला पत्र्याची शेड. बाहेर जायचं तर मॅनेजरनं हात हलवायचा, मग चौकीदार गेट सरकवणार. आपल्याकडे याला वेठबिगार असा जुना शब्द आहे. तो शब्द बॅनरवर नव्हता.

घरी धानाची रोवणी, म्हणजे लावणी, अडली होती. आई एकटी. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी भरलेलं, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला आलेले. आमच्याकडे रोवणीला बाया एकमेकींच्या बांधीत जातात. ज्या घरची बाई दुसऱ्याच्या चिखलात उतरत नाही, तिच्या चिखलात कोणी उतरत नाही. मी इथे कोंडलेली, म्हणून आईकडे कोणी येत नव्हतं. गावच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं गेटच्या जाळीतून ओरडून हे सांगितलं.

मी मॅनेजरकडे सुट्टी मागितली.

"आता? पाण्याचे दिवस म्हणजे आपला सीझन. रोपं लावाचे दिवस आहेत."

"साहेब, माहे बी रोपंच आहेत. वय झालं का फुटवे धरत नाई."

नर्सरीवाला माणूस. रोपाचं वय होणं म्हणजे काय हे त्याला कळत होतं. तो हसला. "पाहुण्यांसमोर नीट बोल. मग पाहू."

माझं वाक्य ठरलं होतं. आम्ही येथे स्वेच्छेने काम करतो व केव्हाही जाऊ शकतो. त्यानं ते मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी चिडला. "हासून म्हण ना वं! गुलामासारखी काय म्हणते?"

पाहुणे आले. हार झाले, फोटो झाले. नर्सरीच्या मालकानं, सेठनं, माणुसकीवर भाषण केलं. मग माल घेणाऱ्या कंपनीच्या मॅडमनी मला गोड आवाजात विचारलं, "ताई, तुम्ही इथून केव्हाही जाऊ शकता ना?"

वाक्य जिभेवर होतं. आईचा वाकलेला पाठकणा डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, "माहीत नाही, मॅडम. जाऊन पाहते."

आणि उठले. मॅनेजर दातांतून म्हणाला, "ओ बाई, बस खाली." मी गेटपर्यंत चालत गेले.

"भाऊ, गेट उघडा."

चौकीदारानं सवयीनं माझ्या डोक्यावरून मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर पुतळा झालेला. सेठ ओरडला, "उघड ना रे!" चौकीदार हलला नाही. घाबरून मोठ्यानं म्हणाला, "सेठजी, साहेबानं हात नाई हलवला. सकारीच सांगतलं, एक बी बाई बाहेर गेली त तुह्या टांगा तोडतो."

मॅडमनी सेठकडे पाहिलं.

मग सेठ हसला. "नागझिऱ्याच्या जंगलातले वाघ येतात ना, मॅडम. बायांच्या सुरक्षेसाठी."

"अच्छा, सुरक्षा," मॅडम म्हणाल्या. मान हलवली. आणि सगळे जेवायला गेले.

मला वाटलं होतं, खरं दिसलं की पुरे. त्यांना दिसलं होतं. त्यांनी त्यावर श्रीखंड खाल्लं.

जेवण झालं, गाडी निघाली. गाडीसाठी गेट सरकलं. मला बाहेर जाता आलं असतं. मी गेटच्या रुळावर, गाडीच्या पुढे बसले.

"मॅडम, मागच्या गोदामात बाया कोंडल्या आहेत. कुलूप काढायला लावा, मग जा."

काच अर्धी खाली आली. "तुम्ही आम्हाला असं अडवून ठेवू शकत नाही. आमची फ्लाइट आहे."

"आमची रोवणी आहे."

मॅनेजरनं केसांना धरून ओढलं. गुडघे सोलले, रूळ सोडला नाही. त्यानं बोटांवर बूट ठेवला, तरी सोडला नाही. हायवेवर एसटी थांबली. समोरच्या टपरीवरचे लोक आले. सेठनं लोकांकडे पाहिलं आणि मग कुलूप निघालं.

बाया बाहेर आल्या. कोंबडखताच्या वासानं डोळे सुजलेले. सुकवारा मावशी भिंतीला धरून ओकत होती. मॅडमनी पाहिलं. काच वर गेली.

काही बाया माझ्याबरोबर निघाल्या. काही आधार कार्ड परत मिळणार नाही या भीतीनं तिथेच राहिल्या. मी घरी पोचले तेव्हा अर्धी बांधी पडीक राहिली होती. ती तशीच राहिली.

तहसील कचेरीत तक्रार द्यायला गेले, तेव्हा बाबूनं विचारलं, "वेठबिगार? आता कुठं राह्यली ते?" मी बोटं दाखवली. दोन वाकडी झाली आहेत. त्यानं बयान लिहून घेतलं.

परवा सेठचा माणूस घरी आला. माझं आधार, माझा मोबाइल घेऊन. "बयान मांगं घे, पोरी. सेठ तुले सुपरवायझर करून राह्यले. शिकली आहेस. बाया तूच सांभाळ."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय करतं वं?"

मी कार्ड त्याच्या हातातून घेतलं. ते माझंच होतं. मोबाइलही घेतला. नोकरी त्याच्याकडेच ठेवली.

बयान राहील. सुकवारा मावशी पुढच्या आठवड्यात तिचं देते आहे, मग आतल्या बाया, एकेक करून. मी त्यांना आणायला त्या गेटवर जाणार आहे, दर वेळी. आणि माझ्या बयानात पहिलं नाव मॅनेजरचं नाही, सेठचंही नाही. ज्या कंपनीच्या गाडीनं काच वर केली, तिचं आहे. बाबू म्हणाला, एवढ्या वर कशाला जाता, ते नाव खोडून टाका.

खोडणार नाही.