लांबवलेला श्रावण

१५ जानेवारी १९३१, किंक्रांत. सकाळी मी पाट्यावर सुकं खोबरं आणि लसूण वाटत होते. त्या दिवशी आमच्याकडे मटण असतंच. वाटण घरच्या सगळ्यांसाठी होतं, फक्त मालकांसाठी नव्हतं. त्यांच्यासाठी वांग्याची भाजी वेगळी शिजत होती. तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि माळशिरसच्या थोरल्या नणंदबाई उतरल्या. हातात फडक्यानं गच्च बांधलेला डबा होता. त्यात काय असणार हे मला न उघडताच कळलं. बकऱ्याचे पाय, जाळावर भाजून, खरवडून लख्ख केलेले.

"घे, चुलीवर चढव," त्या म्हणाल्या. "पायाला पायच लागतो. दुखायच्या आदीच दिलं की थंडीत तरास न्हाय."

मालकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यानं दोन वर्षं आमचं घर हलवून सोडलं होतं. आदल्या दिवशी धड चालणारा माणूस पहाटे कळवळत उठायचा. अंगठ्याचं मूळ सुजून लाल, हात लावू देत नसत. एकदा मी पांघरूण नीट करायला गेले, तर नुसत्या कापडाच्या स्पर्शानं ओरडले. मुरगळलं म्हणावं तर कुठं अडखळलेले नव्हते. चावलं म्हणावं तर खूण नाही. आठवडाभरात सूज उतरायची, कातडी सोलून निघायची आणि पाय पुन्हा पहिल्यासारखा. असला दुखणेकरी मी पाहिला नव्हता.

आम्ही वात समजलो. विटकरीनं शेकलं, एरंडाचं पान बांधलं, आणि दर वेळी नणंदबाईंचा डबा आला. मालक पायांचा रस्सा भुरके मारून प्यायचे आणि दुखणं लांबायचं. शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी 'गाऊट' असं नाव सांगितलं आणि विलायतेत हा श्रीमंतांचा रोग समजतात म्हणाले. आमच्या घरी श्रीमंती आली ती अशी, अंगठ्यातून. त्यांनी कडू औषध दिलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, मटण आणि दारू तोडायला सांगितलं. मालकांनी औषध तेवढं घेतलं.

ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर म्हणजे मुकादम होते. दिवसभर मागांच्या रांगांतून फिरायचं, कुठं धागा तुटला, कुठं माग अडला ते बघायचं. बसून करायचं काम नव्हे. दसऱ्याला बोकड कापला, दुसऱ्याच पहाटे अंगठा सुजला, आणि कामावर गेल्यावर साहेबांनी सुनावलं की पुन्हा असा खाडा पडला तर जागेवर दुसरा माणूस येईल. दुसरा माणूस तयारच होता, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

मी तेव्हा मागचं आठवत बसले. होळीनंतर धुळवडीला दुखलं होतं. पगाराच्या रविवारी साचेवाले, मागावरचे विणकर, जॉबरला जेवायला बोलवायचे, मटण आणि वर शिंदी, त्यानंतर दुखलं होतं. श्रावणात मात्र एकदाही नाही. दोन्ही वर्षांच्या श्रावणात अंगठा गप्प. सासूबाई हयात असताना म्हणायच्या की सोमवारचं फळ आहे. असेलही. पण देवानं भादव्यात त्यांना का सोडलं, हे मला कळेना. श्रावणात आमच्या घरात आणखी काय नसतं, ते मला ठाऊक होतं.

"आपण श्रावण पुढं चालू ठेवू," मी म्हणाले.

"आता? आश्विन निघाला! लोक हसतील."

"हसू देत. लोक पगार देत नाहीत."

पाण्याचाही घोळ होता. साचेखात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट, कोंदट ठेवतात. माणूस घामानं निथळतो, तरी पाणी पीत नाही, कारण पाणी प्यालं की बाहेर जावं लागतं, आणि जॉबर हलला की साचेवाले बिडी काढतात. दिवसभरात हे दोन पेले प्यायचे. मी झाकणाचा मोठा तांब्या द्यायला लागले आणि संध्याकाळी उलटा करून बघायची. साचेवाल्यांनी त्यांचं नाव 'गंगाजळी' पाडलं. शिवाय मोच्याकडून वहाणेचा अंगठा सैल करून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी तलावाला फेरी घालायला लावली.

त्यानंतर किंक्रांतीपर्यंत अंगठा दुखला नव्हता.

पाय शिजले, घरभर वास सुटला. मालक पाटावर बसले आणि हळूच म्हणाले, "अगं, आज खाऊन बघू का? तुझा शोध खरा की खोटा, तुलाही कळेल."

खरं सांगते, मला मोह झाला. नुसत्या न दुखण्यानं काय सिद्ध होतं? कदाचित औषधानं थांबलं असेल, कदाचित आपोआप. एक वाटी दिली की उत्तर मिळणार होतं. पण उद्या गिरणीचा भोंगा होणार होता.

"नोकरी पणाला लावून शोध नाही लावायचा," मी म्हणाले.

नणंदबाई उसळल्या. "म्हंजे मी माळशिरसवरनं आणलेलं गटारात वतायचं? ह्यानं ताकद येती. मी हर हिवाळ्यात खाते की!"

"वन्सं, मग तुमचे गुडघे कसे आहेत?"

त्या उठताना भिंतीचा आधार घेत होत्या. तिथंच थांबल्या. मग स्वतःच हसल्या. "लई बोलती रं तुजी बायकू."

तरी थोरल्या बहिणीचा मान मोडवेना. मालकांनी भाकरीचा एक तुकडा तिच्या वाटीत बुडवला आणि तोंडात टाकला. एकच. मी तो घास मोजून ठेवला.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधीच मी उठले आणि रॉकेलची चिमणी घेऊन त्यांच्या पायाशी बसले. अंगठा दाबून पाहिला. ते झोपेतच म्हणाले, "गुदगुल्या करू नको." सूज नव्हती. एका घासानं काही होत नाही, एवढंच कळलं. वाटीभर प्यायले असते तर काय झालं असतं, ते राहूनच गेलं. मी तांब्या काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं आणि त्यांच्या वहाणांशेजारी ठेवला. मग तसाच दुसरा तांब्या भरून नणंदबाईंच्या उशाशी नेऊन ठेवला.