पेटीच्या लाकडाचं सागवान

काम संपलं की आमचे रंगारी मिस्त्री दारावर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करायचे, कान लावायचे आणि मला विचारायचे, "बोलतंय का सागवान?" मी पदर तोंडाला लावून हसायचे. उत्तर कधी दिलं नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि मिस्त्री एकटे असले तरी मला चारचौघांसारखेच वाटायचे.

तेव्हा चिंचवडला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून यायची, त्या पेट्या विकत घेऊन कामगार त्यांचीच दारं-कपाटं करायचे. तुम्हीही पाहिली असतील. पांढरट, हलकं लाकूड, त्यावर काळ्या शाईत बाण आणि काचेच्या पेल्याचं चित्र. मिस्त्री त्या पेटीचं सागवान करायचे. मी फटी-खाचांत लांबी भरून, पॉलिशपेपरनं घासून पिवळं अस्तर द्यायचे. त्यावर ते तपकिरी रंग लावायचे आणि ओल्यातच रबरी कंगवा ओढायचे, की लाकडाच्या रेषा उमटायच्या. शाईचा पेला रंगातून वर आलाच, तर तिथे बोटानं गाठ काढायचे. म्हणायचे, "झाडाला गाठ पायजेच. न्हाईतर मालकीण इचारंल, ह्ये झाड वाढलं तरी कुठं?"

माझे यजमान वारल्यावर मी रंगकामाला लागले होते. घरी बोलणारं कुणी नव्हतं. मिस्त्रींच्याही नव्हतं. दुपारी एकाच खोलीत दोन डबे उघडायचे. ते खिडकीकडे तोंड करून जेवायचे, मी भिंतीकडे.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. ते रंगानं संगमरवरही काढायचे, त्याच्या शिरा थरथरीनं उलट खऱ्या दिसायच्या, पण संगमरवर लोकांना देवघरापुरताच लागायचा. सागवानाची रेघ थरथरली की लगेच कळायचं. एक दिवस त्यांनी कंगवा माझ्या हातात दिला.

"तुमी रेघ वढा, अक्का, मी तोंड चालवतो. पर कुनाला कळू देऊ नका. कळलं तर मला कोन बोलवंल?"

दोन वर्षं असंच चाललं. मी आत रेषा ओढायचे, ते ओट्यावर मालकाला गप्पांत गुंतवायचे. लोक म्हणायचे, "मिस्त्री, हात आहे राव तुमचा!" ते मान खाली घालायचे.

एका घरी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मालकीणबाई चहा घेऊन अचानक पुढच्या दाराशी आल्या, तेव्हा मिस्त्री शेजारीच होते आणि कंगवा माझ्या हातात होता.

"अहो मिस्त्री, हिच्याकडून करून घेता? आम्ही तुमचा हात बघून बोलावलं."

"काम माजंच हाय, बाई."

"मग एक रेघ ओढून दाखवा बरं."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं, सगळं यांनीच केलंय, मी नुसता कंगवा पुसत होते. एवढंच. पण माझी नजर फरशीवरून उठली नाही.

त्यांनी कंगवा घेतला. रेघ थरथरत दाराच्या मध्यापर्यंत गेली आणि थांबली. मिस्त्रींनी ती चिंधीनं पुसली, कंगवा मला परत दिला आणि बाईंना म्हणाले, "दोन सालांची दारं ह्यांचीच हायेत. ह्यांना करू द्या. चांगलं करत्यात."

मी दार पुरं केलं. टकटक करायला ते थांबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते मजुरांच्या नाक्यावर आले नाहीत. त्यांच्या खोलीला कुलूप. शेजारी म्हणाला, "गावी गेले." कोणत्या गावी, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

एकटीला मला रेषांसाठी कुणी बोलावलं नाही. मी पुन्हा लांबी भरू लागले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच घराच्या शेजारी कामाला गेले, तेव्हा ते दार दिसलं. कडीपाशी रंग उडून पांढरं लाकूड उघडं पडलं होतं. पेल्यावर मी काढलेली गाठ मात्र तशीच. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी पेरानं तीनदा टकटक केलं आणि कान लावला.

"बोलतंय, मिस्त्री," मी म्हणाले.

आतून बाईंचा आवाज आला, "कोण पाहिजे?"

मी पायऱ्या उतरले.