ओला शेवगा

काल मागच्या गल्लीतून ओल्या शेवग्याच्या धुराचा वास आला आणि मुलगी बाळंतपणाला घरी आली होती तो हिवाळा आठवला. शेजाऱ्याच्या आणि आमच्या कुंपणावरची वाळलेली बाभूळ आम्ही दोघांनी मिळून तोडून घेतली. वरठीहून बोलावलेल्या माणसाची मजुरी शेजाऱ्याने दिली, निम्मी मी त्याला द्यायची ठरली. दोन्ही आंगणांतला पालापाचोळा मी काढला. आमच्याकडे एकाने लाकडांचे दोन ढीग लावायचे आणि दुसऱ्याने आधी निवडायचं, अशी रीत आहे. ढीग शेजाऱ्याने लावले. "उचला भाऊ, कोनताबी," तो म्हणाला. दोन्ही सारखेच दिसत होते, म्हणून मी आमच्या फाटकाजवळचा घेतला. चार दिवसांनी बाळाला शेकायला शेगडी पेटवली, तर खोलीभर धूर झाला आणि बाळ खोकून लालबुंद झालं. बायको ढिगाजवळून म्हणाली, "अवो, वरवर बाभूळ हाये, खाली सारा ओला शेवगा." त्याच आठवड्यात शेजाऱ्याने आपला शेवगा छाटला होता, आणि आमच्याकडे बाळ पाहून चहाही पिऊन गेला होता. मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ढीग तं तुमीच निवडला ना, भाऊ." संध्याकाळी निम्मी मजुरी त्याच्या हातावर ठेवली. धुरापेक्षा आजही मला तेच जास्त झोंबतं, की त्याने ते पैसे न मोजताच खिशात टाकले. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता.